उघड्या गटारावरचा फलक

लग्न होऊन मी परळला आले तेव्हा पुराचं मला कुणी काही शिकवायला नको, अशा तोऱ्यात होते. माझं माहेर कणकवलीच्या वरच्या अंगाला, नदीकाठी. दर पावसाळ्यात आमची नदी एकदोनदा तरी अंगणाच्या दगडी गडग्यापर्यंत यायची आणि संध्याकाळपर्यंत निघून जायची. पाणी चढलं की वडील उतारावर काठ्या रोवायचे. ज्या काठीला फडकं बांधलेलं असेल तिथे डोह, त्या बाजूला फिरकायचं नाही, एवढं आम्हा पोरांना चालायला लागण्याआधी कळायचं. त्यामुळे मुंबईच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी साचतं आणि लोक त्याला पूर म्हणतात, याचं मला हसूच यायचं.

आमची चाळ भोईवाड्याच्या मागच्या एका खोलगट गल्लीत होती. खोली तळमजल्यावर, खोलीत तिघं. मी, नवरा आणि सासूबाई. नवरा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे जिथे कापड विणलं जातं तिथे. हयातभर मी त्याला ‘अहो’ म्हटलं. आता लिहिताना ‘तो’ म्हणते. त्याची हरकत असेल तर वर भेट झाल्यावर बघू. सासूबाई त्याच गिरणीत बॉबिनांवर सूत भरायच्या खात्यात वीस वर्षं राबून नुकत्याच घरी बसल्या होत्या. उंचनिंच, रुंद हाडाची बाई. आवाज असा की चाळीच्या एका टोकाला बोलल्या तर दुसऱ्या टोकाची माणसं उत्तर द्यायची. मी त्यांच्या खांद्याला लागायची.

त्या घरात आणखी एक वस्तू होती जिचा मला भारी राग यायचा. ती म्हणजे नवऱ्याचा फलक. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा अगदी भरात होती. आज इथे सभा, उद्या तिथे मोर्चा. बाकीचे लोक पुठ्ठ्यावर कागद चिकटवून न्यायचे, पण आमच्या माणसाने डब्याचा पत्रा सरळ करून, रंगारी मित्राकडून त्यावर तेलरंगाने लाल अक्षरं काढून घेतली होती. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.’ पत्रा सहा हात बांबूला खिळ्यांनी ठोकलेला. हा बांबू दारामागे उभा असायचा आणि रोज कामावरून आल्यावर नवरा आधी त्याच्याकडे बघायचा, मग माझ्याकडे. सासूबाईंना तर चळवळीचं नावच नको होतं. गोळीबारात माणसं गेली होती, त्यामुळे पोरगा सभेला गेला की त्या दारात बसून राहायच्या आणि आला की त्याच्यावर तोंड टाकायच्या.

“राज्य होतला तेव्हा होतला,” म्हणायच्या, “तुझो पाय मोडलो तर माका कोण बघतला?”

तो नुसता हसायचा.

आषाढ अर्धा उलटला होता. संकष्टी होती, म्हणून सासूबाईंचा उपास. पहाटेपासून पाऊस असा लागला होता की समोरची चाळ दिसत नव्हती. नवरा पहिल्या पाळीला गेला होता, म्हणजे सुटणार साडेतीनला. तो गेल्यावर सासूबाईंनी भिंतीवरच्या पंचांगाकडे पाहिलं, बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, “आज चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. तीन वाजता भरती. सामान वर काढ.”

मला काही समजेना. तेव्हा त्यांनी मला तो हिशोब समजावला. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, साधारण तितके वाजता समुद्र भरतो. पाऊस कितीही पडो, ओहोटी असेल तर परळचं पाणी गटारातून समुद्राला जातं. पण भरतीला समुद्रच गटारांच्या तोंडाशी येऊन बसतो. मग आपलं पाणी जायचं कुठे? मी म्हटलं, समुद्र तर तिकडे शिवडीला. त्या म्हणाल्या, “बघशील.”

आम्ही तांदळाचा डबा, अंथरुणं आणि स्टोव्ह पोटमाळ्यावर चढवला. पिण्याचं पाणी दोन कळशा भरून वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवलं, कारण पूर आला की नळाला काय येईल याचा भरवसा नसतो. सासूबाईंनी विजेचं बटण लाकडी पळीने खाली ओढलं. मग मला पाण्यात चालायचं कसं ते सांगायला लागल्या. पाय उचलायचा नाही, जमिनीला घासत न्यायचा. भिंतीला धरून चालायचं. गल्लीच्या मधून कधीही जायचं नाही, मध्ये गटारं असतात. मी मान डोलावत होते आणि मनात म्हणत होते, नदीकाठच्या पोरीला ही बाई पाण्यात चालायला शिकवते आहे.

बाराच्या सुमारास गल्लीत माझ्या गुडघ्याइतकं पाणी झालं. रात्रपाळी करून घरी झोपलेले चाळीतले तिघे-चौघे पुरुष उठले, पहार घेऊन खाली उतरले आणि गल्लीच्या मधोमध असलेल्या मोठ्या गटाराचं लोखंडी झाकण त्यांनी उचकटलं. पाणी घोंघावत आत जाऊ लागलं. सगळी चाळ गॅलरीतून बघत होती, पोरांनी टाळ्या वाजवल्या. तासभरात पाणी दोन बोटं उतरलं. मग उतरायचं थांबलं. आणि मग मी ते पाहिलं, जे मी आजवर विसरलेले नाही. त्या भोकातून पाणी वर येऊ लागलं. आधी नुसतं डुचमळलं, मग त्याला फुगवटा आला, मग गोल गोल उकळ्या फुटल्यासारखं काळं पाणी वर चढून गल्लीत पसरू लागलं. त्याला चिखलाचा, खाऱ्या मातीचा वास होता. मैलभर लांबचा समुद्र कुणाला न दिसता जमिनीखालून चालत आमच्या दारात आला होता, आणि तोही सासूबाईंनी सकाळी बोटांवर मोजलेल्या वेळेच्या हिशोबाने. आमची नदी येते ती वरून, डोळ्यांसमोर, गर्जत येते. हे वेगळंच होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला पाण्यापुढे लहान वाटलं.

पुरुषांनी झाकण परत लावायला घेतलं, ते अर्धं भोकाच्या कडेवर आलं आणि तेवढ्यात पलीकडच्या गल्लीत भिंत कोसळल्याची हाकाटी झाली. ते पहार घेऊन तिकडे धावले, आमच्या गॅलरीतली माणसंही बघायला त्या अंगाला पळाली. जाता जाता एकाने आमच्या दाराकडे बघून ओरडून सांगितलं, “वहिनी, इथं कायतरी खूण लावून ठेवा!”

मी दारातच होते. सासूबाई वर शेजाऱ्यांकडे. माझ्या डोक्यात वडिलांच्या काठ्या. दारामागचा फलक उचलला, मांडीभर पाण्यातून पाय घासत घासत गेले, झाकण आणि कडा यांच्या फटीत बांबू घुसवला. गच्च बसला. लाल अक्षरांचा पत्रा पाण्यावर छान उभा राहिला. लांबून दिसेल, कुणी चुकूनही जवळ येणार नाही, अशा समाधानात मी वर गेले. शिवाय त्या फलकाला एकदाचं काहीतरी काम लावलं, याचाही थोडा आनंद होताच.

पाणी वाढत गेलं. आमच्या खोलीच्या खिडकीला लागलं. पावणेतीन झाले असतील, बाजाराच्या बाजूने एक छत्रीवाला माणूस गल्लीत शिरला. भिंतीकडून येत होता, नीट येत होता. फलक दिसला तसा थांबला. मग भिंत सोडून सरळ मध्ये, फलकाच्या दिशेने निघाला आणि ओरडला, “काय हो, सभा इथंच हाय काय?”

सासूबाई गॅलरीतून अशा ओरडल्या की त्याच्या हातातली छत्री पडली. “मागे फीर! थय गटार उघडा आसा!” तो चाचपडत परत भिंतीला लागला.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार. माझ्या माहेरी काठीला काही बांधलेलं दिसलं की माणसं लांब पळायची. आणि इथे, त्या वर्षी, परळात काठीवर त्या अक्षरांचा फलक दिसला की माणसं हातातलं काम टाकून त्याच्याकडे यायची. एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. आणि साडेतीनला पहिली पाळी सुटणार होती. शेकडो माणसं ह्याच गल्लीतून भोईवाड्याकडे जायची, आणि त्यांत सगळ्यांत पुढे कोण असणार ते मला माहीत होतं. स्वतःचा फलक बघून तो उडी मारतच येणार.

“मी जाऊन काढून आणते,” मी म्हटलं.

“आणि मग भोक खंय आसा ता कोणाक कळतला?” सासूबाई म्हणाल्या. ते खरंच होतं. फलक ठेवला तर माणसं येणार, काढला तर न बघता पडणार. झाकण पाण्याखालून लोटायला पुरुष नव्हते आणि पहारही नव्हती. सासूबाईंनी लुगड्याचा कासोटा घट्ट केला. “खुणेक माणूस व्हयो,” म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या.

मी मागे धावले. त्यांनी वळून माझ्याकडे नुसतं पाहिलं. पाणी त्यांच्या कमरेला होतं, म्हणजे माझ्या छातीला. “तू वर. एकाक सांभाळतंय, दोघांक नाय.”

त्या भिंतीला धरून पाय घासत गेल्या, मग बांबूच्या रेषेत वळल्या, एक एक पाऊल चाचपत. भोकाच्या अलीकडे हातभर अंतरावर उभ्या राहिल्या, एक हात बांबूला, तोंड गिरणीच्या रस्त्याकडे. पाऊस इतका होता की त्यांचं डोकं मधूनमधून दिसेनासं व्हायचं. मी गॅलरीच्या कठड्याला धरून उभी. आयुष्यात इतकी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही, आणि ती दोघांसाठी होती.

गल्लीला दोन तोंडं होती. सासूबाई गिरणीकडे बघत होत्या, बाजाराकडून येणारं माणूस त्यांच्या पाठीमागून आलं असतं. हे माझ्या ध्यानात येऊन मी पुन्हा जिन्याकडे वळते तो समोरच्या चाळीतून एक बाई पाण्यात उतरताना दिसली. तिला आम्ही रिंगवाली म्हणायचो, गिरणीच्या रिंग खात्यात, सूत कातायच्या कामावर होती. तिच्या घराने आदल्या वर्षीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. आमच्या साचेखात्यात मागावरच्या धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागतो, त्याचा विटाळ नको म्हणून तिच्या माणसांना कधी घेत नसत, आणि आमच्या चाळीच्या नळावर ती आली की सासूबाई कळशी चार हात लांब सरकवायच्या. मला ते आवडायचं नाही, पण मीही कधी तोंड उघडलं नव्हतं. ती बाई आमच्या सासूबाईंपाशी गेली आणि म्हणाली, “तुम्ही गिरणीकडं बघा. म्या हिकडं बघते.” मग वळून भोकाच्या दुसऱ्या अंगाला गेली आणि बाजाराकडे तोंड करून उभी राहिली. मध्ये बांबू. पाण्याचा जोर वाढला तेव्हा दोघींनी एकमेकींचे हात बांबूभोवती धरले. सासूबाईंनी हात सरकवला नाही. तो धरलेला हात मी वरून बघत राहिले.

साडेतीनचा भोंगा वाजला.

पाळी सुटून पहिली माणसं गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा मी त्यांच्यात नवऱ्याला शोधत होते. तो सापडायला वेळ लागला नाही. सदरा काढून डोक्याला गुंडाळलेला, सगळ्यांच्या पुढे, गल्लीच्या अगदी मधून, गुडघे उचलून उचलून. त्याने फलक पाहिला. फलकाशी पाण्यात उभी असलेली आई पाहिली. ह्या चळवळीला रोज शिव्या घालणारी आई आज त्याचा फलक धरून भर पावसात उभी आहे, एवढंच त्याला दिसलं. त्याचा चेहरा असा उजळला की मला वरूनही कळलं. त्याने मूठ वर केली आणि गर्जला, “मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र!”

मागच्या शेकडो माणसांनी एका आवाजात उत्तर दिलं, “झालाच पाहिजे!”

सासूबाई ओरडत होत्या. ज्या आवाजापुढे चाळ गप्प व्हायची तो आवाज त्या घोषणेत आणि पावसात कुठच्या कुठे गेला. त्यांचं तोंड हलताना बघून नवऱ्याला वाटलं, आईसुद्धा घोषणा देते आहे. तो आणखी जोरात निघाला. मागची सगळी गल्ली त्याच्या मागे. मी ओरडत होते, माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. तो दहा हातांवर होता, मग सहा हातांवर.

तेव्हा सासूबाईंनी दोन्ही हात बांबूवरून सोडले. डोक्याच्या वर नेले. उजव्या हाताची मूठ डाव्या पंजात घट्ट धरली आणि तशीच एका झटक्यात खाली ओढली.

मला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. नंतर कळला. गिरणीत यंत्रांच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं खुणांनी बोलतात. दोरा तुटला, पाणी पाहिजे, साहेब येतो आहे, सगळ्याला खुणा. आणि ही खूण सगळ्या खात्यांना सारखी, गिरणीत शिरणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवली जाते. कुणाचा तरी हात यंत्रात सापडला, जिथे आहेस तिथे थांब, यंत्र बंद कर. ती दिसली की विचार करायचा नसतो.

कुणी विचार केला नाही. शेकडो माणसं जागच्या जागी थांबली. घोषणा अर्ध्यावर तुटली. नवऱ्याने एक पाय पाण्यात पुढे उचलला होता, तो तसाच राहिला. गल्लीत नुसता पावसाचा आवाज. इतकी माणसं आणि इतकी शांतता मी त्याआधी कधी अनुभवली नव्हती. देवळात गेल्यावर जे वाटायला पाहिजे आणि सहसा वाटत नाही, ते मला त्या घाण पाण्याच्या वर उभं राहून वाटलं. माझे हात आपोआप जुळले.

सासूबाईंनी हाताने भिंत दाखवली. नवऱ्याने पाय हळूच मागे टेकला. मग तो भिंतीला लागला, त्याच्या मागे दुसरा, त्याच्या मागे तिसरा, सगळी पाळी एकामागे एक, पाय घासत, भिंतीला धरून आमच्या दारावरून गेली. काहीजण जाता जाता दोघींना हात जोडत होते. नवरा आईपाशी थांबू पाहत होता, तर तिने त्यालाही हुसकावलं. शेवटचा माणूस जाईपर्यंत दोघी हलल्या नाहीत, आणि त्यानंतरही नाही. चारनंतर ओहोटी लागली. भोकावरचा फुगवटा बसला, पाणी पुन्हा आत ओढलं जाऊ लागलं. पाच वाजता आमचे पुरुष पहार घेऊन परतले आणि गुडघाभर पाण्यात झाकण बसलं. मी त्याआधी भोकाशी जाऊन आत डोकावले. तळ दिसत नव्हता, नुसता आवाज येत होता.

दोघींचे पाय पांढरेफटक पडले होते. रिंगवालीला मी चहा आणून दिला, आमच्याच कपात. सासूबाई जिन्यावर बसल्या होत्या. त्यांनी थोडी सरकून तिला बसायला जागा केली.

नवरा फलक हातात घेऊन आला. आता त्याला त्या भोकाचं कळलं होतं. “ह्यो बांबू थय कोणी लावलो?” त्याने विचारलं. “दोन पावलं आणखी गेलो असतो तर...”

मी तोंड उघडलं. सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मी. मीच लावलंय.”

रिंगवालीने कपातून मान वर केली. समोरच्या चाळीच्या गॅलरीतून तिने मला बांबू लावताना पाहिलं असणारच. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा चहा प्यायला लागली.

त्यानंतर सासूबाई अठरा वर्षं जगल्या. नवऱ्याने त्या गोष्टीची गंमत करून ठेवली. पाहुणे आले, पाऊस लागला, की सांगायला सुरुवात. “आमच्या आईने संयुक्त महाराष्ट्राचा फलक लावून मला गटारात पाडायला काढलं होतं!” सगळे हसायचे. सासूबाई तांदूळ निवडत असायच्या, नाहीतर वाती वळत असायच्या. दर वेळी हातातलं काम न थांबवता एवढंच म्हणायच्या, “चुकलंय बाबा. काय करतलंय?” आणि दर वेळी मी चहा करायच्या निमित्ताने आत जायचे.

राज्य झालं तेव्हा नवऱ्याने तो फलक दारावर लावला. सासूबाई गेल्या, मग रिंगवाली गेली, मग नवराही गेला. त्याला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं की तो बांबू मी लावला होता.